अमेरिकेतला उमेदवार आणि आपल्या गावची खेडा खरेदी

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा पट्ट्यात गावोगावी कापूस घेणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराशी काय देणंघेणं, असं वाटणं साहजिक आहे. पण २०२४ च्या प्रचारात डोनाल्ड ट्रम्प यांनी सगळ्या आयात मालावर १० ते २० टक्के आणि चिनी मालावर ६० टक्के कर लावू, असं उघड सांगितलं होतं. निवडणूक नोव्हेंबरात झाली. भारतीय मालावर २५ टक्के कर ७ ऑगस्ट २०२५ ला लागला आणि २७ ऑगस्टला तो ५० वर गेला. निवडणूक आणि हा कर यात नऊ महिने होते. उधारी आणि साठा आवरायला तेवढा वेळ पुरतो.

आपली रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, अमेरिका फारशी घेत नाही. ती घेते टॉवेल, चादरी, तयार कपडे, आणि या मालाचं आपलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक तीच आहे. तिकडची ऑर्डर अडली की सूतगिरणी हात आखडते, मग कापसातून सरकी वेगळी काढणारा जिनिंगवाला आणि शेवटी काटा घेऊन गावात बसलेला माणूस. पण खरा धक्का दिल्लीतून आला. कापड उद्योगाला स्वस्त रुई मिळावी म्हणून केंद्राने कापसावरचा ११ टक्के आयातकर १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत उठवला आणि पुढे ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. कोरडवाहू विदर्भात वेचणी दिवाळीच्या आसपास भरात येते. म्हणजे ऐन आवक सुरू असताना परदेशी रुईला दार सताड उघडं होतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही वेळ अन्यायाचीच होती.

धंद्यासाठी हे रुपयांत मांडून बघावं लागतं. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई, ६४ किलो सरकी निघते. २ किलो घट. रुईचा भाव खंडीवर बोलतात, खंडी ३५६ किलोची. खंडीचा भाव १,००० रुपयांनी पडला तर रुई किलोमागे २ रुपये ८१ पैशांनी उतरते, म्हणजे कापसाच्या क्विंटलमागे सुमारे ९५ रुपये. परदेशी रुई बंदरावर खंडीला ५०,००० पडत असेल, तर ११ टक्के आयातकर म्हणजे ५,५०० रुपये. कापसाच्या हिशेबात ते क्विंटलला सव्वापाचशे होतात. एवढं सगळं एका दिवसात उतरत नाही, पण सौदा करताना खाली किती खोल आहे ते या आकड्यावरून कळतं. रुईचा उतारा ३४ ऐवजी ३२ बसला तर हेच गणित पुन्हा मांडायचं.

इथे एक चूक हमखास होते. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० होता. हमीभावाखाली बाजार जाणार नाही, असं धरून माल भरला जातो. हमीभाव शेतकऱ्यासाठी आहे. हमीभावाने घेणाऱ्या सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला माल द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी शेतकऱ्याची लागते, सातबाऱ्यावर कापसाचा पेरा लागतो. व्यापाऱ्याला तिथे जागा नाही. बाजार हमीभावाखाली गेला की चांगला, कोरडा कापूस सीसीआयकडे वळतो आणि गावातल्या काट्यावर उरतो तो १२ टक्क्यांहून जास्त ओलावा असलेला आणि फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावर जुनंच झाड राखून घेतलेला. अशा मालाला वरच्या प्रतीचा भाव दिला की तोटा घेतानाच पक्का होतो.

ओलावा १२ वरून ८ वर आला की १०० किलोचे साडेपंच्याण्णव किलो राहतात. ७,००० च्या भावाने ते तीनशे रुपये गेले. त्यावर वर्षाला १२ टक्के व्याजाचा पैसा असेल तर क्विंटलला महिन्याला ७० रुपये. संक्रांतीनंतर भाव वाढेल म्हणून दोन महिने थांबायचं, तर क्विंटलमागे साडेचारशेच्या आसपास तेजी आली तरच मुद्दल सुटतं. आयातकराचा निर्णय टांगणीला असेल तेव्हा कर्जाच्या पैशावर एवढा भार घेऊ नये. घेतलेला माल त्याच आठवड्यात जिनिंगला घालावा.

उमेदवाराचं कोणतं बोलणं मनावर घ्यायचं, हेही पाहावं लागतं. देशातला प्राप्तिकर कमी करू म्हणाला तर त्याला तिथल्या संसदेची, म्हणजे काँग्रेसची मंजुरी लागते. आयातकर मात्र ट्रम्प यांनी आणीबाणीच्या कायद्याचा आधार घेऊन आदेशाने लावला. २८ मे २०२५ ला तिथल्या व्यापार न्यायालयाने तोवर असा लावलेला कर बेकायदा ठरवला, तरी त्या निकालाला अपिलात स्थगिती मिळाली आणि वसुली पुढे कित्येक महिने चालूच राहिली. कोर्टाची बातमी वाचून त्याच दिवशी भाव वाढवून देणं म्हणूनच धोक्याचं.

चीनवरच्या कराचा फटकाही असाच फिरून आपल्याकडे येतो. मार्च २०२५ मध्ये चीनने उलट अमेरिकन कापसावर १५ आणि सोयाबीनवर १० टक्के जादा कर लावला. अमेरिकेचा तो माल मग दुसरं गिऱ्हाईक शोधतो आणि जागतिक भाव दाबतो. आपल्याकडे कापूस आणि सोयाबीन बहुधा एकाच घरातून येतं, त्यामुळे दोन्ही एकदम पडले की शेतकऱ्याला दिलेली उचल परत यायला उशीर लागतो.

रुईकडे सगळे बघतात, सरकीकडे कमी. सरकी क्विंटलला १०० रुपयांनी हलली तर कापसात ६४ रुपयांचा फरक पडतो. सरकीच्या ढेपेला आणि तेलाला मागणी असली तर रुईत बसलेला थोडाफार मार तिथे भरून निघतो. म्हणून सकाळी जिनिंगला फोन करताना खंडीबरोबर सरकीचा भावही विचारायचा आणि दोन्ही जोडूनच गावातला दर फोडायचा.