तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्टखाली मी नावं का लिहितो

परत तोच प्रश्न. यावेळी आमच्या केळीच्या पॅकहाऊसमधल्या अकाउंटवाल्या साहेबांनी विचारला, तेही सगळ्यांसमोर, की दर आठवड्याच्या रिपोर्टखाली तू ही नावं कशाला लिहीत बसतो, पहिल्या टाकीवर कोण, पॅकिंगला कोण, ट्रॅक्टरवर कोण, 'टीमने केलं' एवढं लिहिलं की झालं ना. याआधी मॅनेजरने विचारलंय, घरी बायकोने विचारलंय की सगळ्यांची नावं लिहितोस तर तुझं कोण लिहिणार. दरवेळी मी काहीतरी थातूरमातूर सांगून सुटलो. आता एकदा सगळं लिहूनच टाकतो.

'टीम' हा शब्द मला वापरवत नाही. त्याच शब्दाखाली मी एका बाईचं नाव दाबलंय.

पॅकहाऊस म्हणजे शेतातून आलेल्या घडाच्या फण्या कापून, चीक जावा म्हणून पाण्याच्या टाकीत सोडून, मग पेट्यांत भरून बाहेर पाठवायची शेड. दोन हंगामांपूर्वी आखातातून फोटो यायला लागले, फण्यांवर चिकाचे काळपट ओघळ, माल रिजेक्ट. एका कंटेनरमध्ये साधारण 20 टन केळी जाते, आणि अशी एक नाही, लागोपाठ तक्रारी. आम्ही टाकीच्या पाण्यातली तुरटी वाढवून बघितली, कमी करून बघितली, बोअरचं पाणी तपासायला पाठवलं, घड कापणाऱ्या पोरांवर ओरडलो. आठ दिवस असेच गेले, मला रात्री झोप नव्हती.

पहिल्या टाकीवर एक मावशी होत्या, रोजंदारीवर. नाव इथे लिहित नाही, त्यांना विचारलेलं नाही म्हणून. दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी मला हाक मारली, भाऊ जरा इकडे या. पाण्यावरून हात फिरवला आणि तळवा माझ्यासमोर धरला, त्यावर चिकट पांढुरका थर. म्हणाल्या, "सकाळचं पानी असं नसतं. जेवनानंतर तुम्ही घाई करता, पानी तेच ऱ्हातं, अन् फनी त्याच्यातूनच वर येते." मग एक ताजी फणी घेतली, कापाची बाजू खाली करून पाण्यात धरली, आणि चीक धाग्यासारखा सुटून खाली जाताना मला दाखवला. उलटी टाकली की तोच चीक केळ्यांवरून उतरतो. मी ऑफिसात जाऊन तक्रारीच्या पेट्यांचे नंबर काढले. जवळजवळ सगळ्या दुपारनंतर भरलेल्या.

जेवणाच्या सुट्टीत पाणी बदलायला लागलो, फण्या कापाची बाजू खाली ठेवून सोडायला लागलो, ओघळ थांबले.

मग मी वर मेल लिहिला. "दुपारच्या सत्रातील पाण्याचे निरीक्षण केले असता असे आढळून आले की..." हे वाक्य मला आजही पाठ आहे. निरीक्षण केलं कोणी, आढळलं कोणाला, काहीच नाही त्याच्यात. खोटं एक अक्षर नाही. पण खाली सही माझी, म्हणजे वाचणारा काय समजणार ते मला लिहितानाच माहीत होतं.

हंगाम संपल्यावर शेडमध्येच कार्यक्रम झाला. मालक आले, मला पुढे बोलावलं, शाल, श्रीफळ, सर्टिफिकेट, हातात माईक दिला. मावशी दुसऱ्या रांगेत उभ्या होत्या, बोटं चिकाने काळी पडलेली, ती घासूनही जात नाहीत. मी त्यांच्याकडे बघितलं. नाव ओठावर होतं, खरंच होतं. आणि मी बोललो, "हे यश माझ्या एकट्याचं नाही, आपल्या सगळ्या टीमचं आहे." टाळ्या पडल्या. मावशींनी पण वाजवल्या. मला पगारवाढ झाली 1500 रुपये, त्यांची रोजी होती तेवढीच राहिली.

तेव्हा मी स्वतःला बरंच काही सांगितलं. की हेड ऑफिसच्या मेलमध्ये रोजंदारीवरच्या बाईचं नाव कसं टाकणार. की नंबर तर मीच काढले, पेट्यांशी ताळमेळ मीच लावला, ते पण कामच आहे, आणि ते आजही मला पटतं. की कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण कोणी विचारणार नाही हे मला माहीत होतं आणि त्याच्यावरच मी निवांत होतो.

पुढच्या हंगामात डागाची तक्रार आली, चिकाची नाही, आदळल्याची. आदळलेलं केळं हिरवं असताना फारसं कळत नाही, पिकायला लागलं की काळा डाग वर येतो, तोवर माल तिकडे पोचलेला. शोधता शोधता सापडलं की घड ज्या ट्रॉलीत आणतो तिचा फोम एका बाजूने फाटला होता आणि आतलं लोखंड लागत होतं. ती ट्रॉली रोज मावशींच्या टाकीसमोरच रिकामी व्हायची. मी विचारलं, मावशी, तुम्हाला दिसलं नाही का? त्यांनी हातातली फणी सोडली नाही. म्हणाल्या, "दिसलं व्हतं ना भाऊ. पन ते तुमचं काम हाये ना."

रागाने म्हणाल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्या साध्याच बोलल्या.

त्यानंतरच्या आठवड्यापासून नावं लिहितो. पेटीवर शेतकऱ्याचा कोड असतो, पॅकहाऊसचा असतो, भरणाऱ्या बाईचा नंबर पण असतो, आणि तो नंबर आजवर फक्त तक्रार आली की शोधला गेलाय. जळगावच्या केळीला 2016 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, अख्ख्या जिल्ह्याचं नाव झालं, मला पण अभिमान आहे, पण जिल्हा काय टाकीत हात घालत नाही.

आता तुमचं म्हणणं. मॅनेजर म्हणतात नावं लिहिल्याने भांडणं होतात, आणि होतात, एक ड्रायव्हर माझं नाव राहिलं म्हणून चार दिवस बोलला नाही. मागे एका मुलीचं नाव मी चांगल्या कामासाठी लिहिलं आणि पुढच्या महिन्यात वजन कमी भरलं तेव्हा वरून तिचंच नाव घेऊन फोन आला, ती रडली, ते माझ्यामुळे झालं. अकाउंटवाले साहेब म्हणतात नावाने पोट भरत नाही, रोजी वाढव. बरोबर आहे. दोनदा वर मागितली, दोनदा बघू म्हणाले, माझ्या हातात नाही. म्हणून नावं लिहितो, आणि तेवढं पुरेसं आहे असं मी म्हणत नाहीये.

मालकांनाही मी नंतर सांगितलं होतं, ती कल्पना माझी नव्हती म्हणून. ते म्हणाले, जाऊ दे, जुनं झालं. सर्टिफिकेट बायकोने टीव्हीच्या वर लावलंय, दोनदा काढलं, दोनदा तिने परत लावलं, आणि का काढतो ते मी तिलाही नीट सांगितलेलं नाही.

मावशी आता दुसरीकडे जातात कामाला. तोंडावर मी त्यांना कधीच काही बोललो नाही. सावद्याच्या बाजारात दोनदा भेटल्या, दोन्ही वेळा माझं बोलायचं ठरलेलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यांनीच आधी विचारलं, "भाऊ, पोरगी कितवीला गेली?" मी सांगितलं, आठवीला.