काळी पाच, काळी चार

६ नोव्हेंबर, रात्री सव्वाबारा

काल रंगभूमी दिन होता. १८४३ साली ५ नोव्हेंबरला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, त्याची आठवण म्हणून तालमीच्या हॉलमध्ये नटराजाच्या तसबिरीला हार घातला, नारळ वाढवला, सगळ्यांना खोबरं वाटलं. शेजारच्या देवळात त्रिपुरी पौर्णिमेच्या पणत्या लागल्या होत्या. माझं खोबरं कुणीतरी कागदावर ठेवून गेलं, कारण माझे दोन्ही हात ऑर्गनच्या, म्हणजे नाटकात मी साथीला वाजवतो त्या पायपेटीच्या, पोटात होते.

चार महिने गोदामात पडून होता. पावसाळ्यात लाकूड फुगतं, भात्याच्या कापडाला ओल धरते, आणि मग पट्ट्या दाबल्या की वर यायचं नाव घेत नाहीत. त्या मोकळ्या केल्या. पण मधल्या सप्तकातली पांढरी सहा, म्हणजे सहावी पांढरी पट्टी, मुकीच. दाबली की नुसती हवा. मागची फळी काढून आकड्यानं ती रीड ओढून घेतली. पितळी जिभेखाली केसाएवढं कसपट अडकलं होतं. मऊ ब्रशनं साफ करून परत बसवली, पाय मारले, सूर आला.

"आले का गावाहून?" तबलजी लांबून म्हणाला. वाद्य बंद पडलं की तो नेहमी असंच विचारतो, घरातलं कुणी प्रवासाला गेल्यासारखं.

शुभारंभ १८ तारखेला. तारीख ठरवून घेतली आहे, कारण नाटक 'सौभद्र' आहे. किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'चे पहिले तीन अंक १८८२ मध्ये १८ नोव्हेंबरलाच पुण्यात झाले होते. त्याच गावात, त्याच तारखेला आम्ही उभे राहणार. पुढे सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, मग गोव्यात जत्रांचे दिवस. मुक्काम आता लॉजवर, तिघांत एक खोली. दिवाळीला घरी चार दिवस मिळाले, तेवढ्यावर जानेवारीपर्यंत काढायचं.

९ नोव्हेंबर

मूळ नाटकात शंभरावर पदं. आमच्या प्रयोगात ३२. पूर्वी नाटक रात्रभर चालायचं, आता तीन तासांत प्रेक्षकाला शेवटची बस मिळाली पाहिजे, हे मला समजतं. तरीही आज दिग्दर्शक सरांनी आणखी दोन पदांवर काट मारली तेव्हा पोटात तुटलं. त्यातल्या एकाचा मुखडा मी वडिलांच्या भजनाच्या पेटीवर शिकलो होतो, अकरा वर्षांचा असताना. वहीतलं ते पान फाडलं नाही, फक्त दुमडून ठेवलं.

ऑर्गनच्या वरच्या फळीवर मी दर नाटकाला एक कागदी पट्टी चिकटवतो. यंदाची अशी: अर्जुन काळी एक, कृष्ण पांढरी दोन, नारद काळी दोन, सुभद्रा काळी पाच. प्रत्येकाचा षड्ज, म्हणजे गाण्याचा 'सा', वेगळ्या पट्टीवर. रंगमंचावर माणसं येतात-जातात आणि रंगमंचापुढच्या पिटात बसलेल्या माझं घर दर पाच मिनिटांनी बदलतं. अर्जुन एक्झिट घेतो, सुभद्रा बोलत बोलत पुढे येते, आणि तिच्या शेवटच्या वाक्यातल्या शेवटच्या शब्दाखाली मला तिचा सूर हळूच सरकवायचा असतो. असा, की तिला तो मिळाला पाहिजे आणि प्रेक्षकाला कळताही कामा नये. तालमी लागतात त्या या कामासाठी. पदं तर सगळ्यांना पाठ आहेत.

११ नोव्हेंबर, रात्री उशिरा

आज जे झालं ते लिहायला हवं.

'वद जाऊ कुणाला शरण' चालू होतं. सुभद्रेचं काम करणाऱ्या ताईंनी तारसप्तकात जाताना आवाज आखडता घेतला. मी भरणा वाढवला, झाकून नेलं. दुसऱ्या वेळी तीच जागा गाळली. तिसऱ्या वेळी सूर चिरला. "घसा बसलाय," म्हणाल्या, "उद्या होईल नीट." सरांनी पुढचा प्रवेश घेतला.

वीस वर्षं मी त्यांच्या साथीला आहे. बसलेला घसा आणि थकलेला घसा यांतला फरक माझ्या पायांना कळतो. बसलेल्या घशाला हवा कमी पुरते, मी भाता हलका ठेवतो. आज त्यांचा श्वास पुरेसा होता. जागाच लांब गेली होती.

साडेदहाला हॉल रिकामा झाला. त्या गेल्या नव्हत्या. खुर्ची ओढून ऑर्गनजवळ बसल्या आणि पट्ट्यांकडे बघत म्हणाल्या, "दादा, काळी चार द्या जरा."

दिली. काळी पाचपेक्षा खालची पट्टी ती. त्यांनी डोळे मिटून षड्ज लावला, मग मुखडा घेतला. आणि आवाज उघडला. खर्जाकडे एक भरदार रंग आला, जो काळी पाचमध्ये मी कधी ऐकला नव्हता. तार मध्यमावर सहज पोहोचल्या, तिथे थांबल्या, वरून पंचमाला शिवून आल्या. मी पाय मारत राहिलो. पद संपलं.

"पंचविसाव्या वर्षी काळी पाचमध्ये गायले होते हीच सुभद्रा," त्या म्हणाल्या. "आता लोक म्हणतील, हिचा आवाज उतरला."

मला बोलायला काही सुचलं नाही. मी काळी चारमध्ये मुखडा परत वाजवला. त्या परत गायल्या. असं चारदा झालं. मग वॉचमन दिवे घालवायला आला.

१२ नोव्हेंबर

सकाळी सरांना सांगितलं. त्यांनी खळखळ न करता होकार दिला, ही त्यांची मोठीच गोष्ट. फक्त माझी काळजी वाटली त्यांना. "सहा दिवसांत सगळी पदं नव्या पट्टीत? कीबोर्ड मागवू का? बटण दाबलं की पट्टी खाली."

त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून शांतपणे सांगितलं की नको. पण त्यांना जे थोडक्यात सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवतो.

पेटीत हवा बाहेर ढकलली जाते, ऑर्गनमध्ये ती रीडमधून आत ओढली जाते. म्हणून त्याचा आवाज गोल, खोलीतून आल्यासारखा. भाता पायांकडे, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. एका हातानं गळ्याच्या मागोमाग जायचं, दुसऱ्यानं खाली आधार धरायचा. आणि पाय म्हणजे श्वास. गायिका जिथे श्वास घेते तिथे माझा पाय क्षणभर थबकतो, ती आवाज लहान करते तिथे पावलाचा दाब कमी होतो. कीबोर्डचं बटण पट्टी बदलेल, पण त्याला पाय नाहीत.

ऑर्गनचं उणंही मला ठाऊक आहे. सप्तकाचे १२०० सेंट (सुरांमधलं अंतर मोजायचं माप) धरले तर गळ्यातला शुद्ध गंधार, म्हणजे 'ग', षड्जापासून ३८६ च्या आसपास बसतो, ऑर्गनचा ४०० वर. चढाच. याच कारणानं जाणकार मंडळी पेटीवर रुसली, १९४० मध्ये ती रेडिओवरून हद्दपारही झाली होती. माझे गुरुजी सांगायचे, गायक गंधारावर थांबला की तू तिथून बोट काढ, षड्ज-पंचम धरून बस, गंधार त्याचा त्याला लावू दे. सगळं वाजवणं म्हणजे साथ नव्हे, हे मी त्या एका स्वरावर शिकलो.

१४ नोव्हेंबर, पहाटे दोन

बोटं ऐकत नाहीत.

काळी पाचमध्ये सातही शुद्ध स्वर घेतले तर दोनच काळ्या पट्ट्या लागतात. काळी चारमध्ये चार. अंगठा जिथे निर्धास्त पडायचा तिथे आता काळ्या पट्टीची धार आहे. डोक्याला पट्टी बदलणं एका मिनिटात समजतं, पण हाताला वीस वर्षांची सवय आहे. द्रुत तानेच्या शेवटी तो जुन्या घरी परत जातो. आज तालमीत तीनदा गेला. ताईंनी मान वळवली नाही, हे त्यांचे उपकार.

खोलीवर हातपेटी आहे. बाकीचे दोघे झोपलेत, म्हणून भाता न उघडता नुसत्या पट्ट्यांवर बोटं फिरवतोय. लाकडाची टकटक तेवढी होते. आवाज नसला की बोटांची चूक जास्त स्पष्ट दिसते, हे आज नव्यानं कळलं. आठ पदं झाली. तीन राहिली.

जेवताना घरी फोन केला होता. मुलीचं सहामाहीचं गणित अवघड गेलं म्हणे. "बाबा, तुमची परीक्षा कधी?" तिनं विचारलं. अठराला, म्हटलं. आईनं फोन घेऊन गुडघ्याचं सांगितलं, आणि मागच्या एका दौऱ्यातल्या सात नाइटचे, म्हणजे प्रयोगांचे, पैसे आले का, तेही विचारलं. आले नाहीत. येतील असं मी म्हटलं, आणि मला माहीत आहे की ते येणं अवघड आहे. तालमीच्या दिवसांना भत्ता मिळतो तो लॉज आणि डब्यात जातो. नाइट सुरू झाल्या की घरी पाठवता येईल. हे लिहून पुढे जातो, कारण आणखी तीन पदं आहेत.

१५ नोव्हेंबर

आज एक गोष्ट सापडली आणि दिवसभर मन तिच्यातच आहे.

आमच्या संहितेत एका जागी अर्जुनाचं पद संपतं, चार-पाच वाक्यं होतात, आणि सुभद्रा गाऊ लागते. आजवर इथे मला उडी मारावी लागायची. काळी एकवरून काळी पाच, मधे कसलंच नातं नाही. अर्जुनाचा सूर पूर्ण बंद करायचा, संवाद कोरडे जाऊ द्यायचे, मग नव्यानं तिचा षड्ज उभा करायचा.

आज अर्जुनाचं पद संपलं तेव्हा माझी करंगळी त्याच्या पंचमावर, म्हणजे 'प'वर, होती. काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार. मी बाकीची बोटं उचलली आणि ती तेवढी तशीच ठेवली. संवाद सुरू झाले, मी पाय हळू केला, सूर तसाच तरळत राहिला. आणि ताईंनी त्याच सुरावर षड्ज लावला. अर्जुनाचा पंचम होता तो सुभद्रेचा षड्ज झाला, बोट न हलवता. ती त्याची वाट बघत असते त्या प्रवेशात, आणि तिचं गाणं त्याच्या गाण्याच्या पोटातून निघालं.

तालीम थांबली. ताई वळल्या. "दादा, काय केलंत?"

"काही केलं नाही," म्हटलं. "बोट उचललं नाही."

तबलजीनं तोवर हातोडी खाली ठेवली होती. अर्जुनासाठी एक आणि सुभद्रेसाठी एक असे दोन तबले तो बाजूला मिळवून ठेवायचा. आता काळी चारमध्ये मिळवलेला एकच तबला दोघांना चालतो, त्याला पंचमाचा आणि तिला षड्जाचा. तबलजीला बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीच्या साथीचं वेड आहे. तबल्याला अहमदजान थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष, हे तो देवांची नावं घ्यावीत तसं घेतो. आज म्हणाला, "त्या लोकांना हे सगळं आधीच माहीत असणार." असेलही. पण मला आज कळलं, आणि ताईंनी पट्टी उतरवली नसती तर कधीच कळलं नसतं.

चहाच्या वेळी ताई स्वतःहून इतरांना सांगत होत्या, "मी यंदा काळी चार." आवाज लपवून नव्हे, चांगला मोठ्यानं.

१७ नोव्हेंबर, रात्री दीड

रंगीत तालीम झाली.

चौघांनी ऑर्गन टेम्पोतून उतरवून पिटात आणला. बसल्यावर कळलं की उजवीकडच्या लेव्हलच्या, म्हणजे उंचवट्याच्या, कठड्यामुळे मला ताईंचा चेहरा दिसत नाही, कमरेपासून खालचं लुगडं तेवढं दिसतं. नेपथ्य आता हलणार नव्हतं. ऑर्गन दोन वीत डावीकडे तिरका केला, तेव्हा खांदा दिसायला लागला. खांदा पुरतो. श्वास घेताना तो आधी उचलतो.

पण दुसऱ्या अंकात सरांनी त्यांना पाठमोरं उभं केलंय आणि त्या अवस्थेत पद सुरू होतं. खांद्यावर शेला, प्रकाश मागून. काही दिसत नाही. कॉलरच्या माइकमधून समोरच्या मॉनिटरवर त्यांचा श्वास ऐकू येतो का, ते बघितलं. येतो, अगदी बारीक. ध्वनी सांभाळणाऱ्या पोराला सांगितलं, बाकी काहीही कमी कर, तेवढा ठेव. त्यानं कारण न विचारता ठेवला.

मुकुट सैल होता, कृष्णाचा शेला कडीत अडकला, एक दिवा उशिरा आला. रंगीत तालमीत व्हायचं ते सगळं झालं. तिसऱ्या अंकात एका तानेला माझा हात परत काळी पाचकडे निघाला होता, अर्ध्या वाटेवर मागे घेतला. कुणाला कळलं नसेल, तबलजी सोडून. त्यानं ठेका थोडा भरून वाजवला.

अर्जुनाचं पद संपलं तेव्हा करंगळी तिथेच ठेवली. रिकाम्या थिएटरात तो एक सूर मागच्या रांगेपर्यंत जाऊन परत येत होता. ताईंनी यावेळी वाट पाहिली, नेहमीपेक्षा दोन श्वास जास्त. मीही पाय थांबू दिला नाही. मग त्या गायल्या.

आवराआवर झाल्यावर कागदी पट्टीवरची जुनी नोंद खोडली आणि बाजूला 'सुभद्रा काळी चार' असं लिहिलं. ताई मेकअप उतरवून बाहेर आल्या, वाकून वाचलं, माझ्या हातातलं पेन घेऊन 'चार' खाली रेघ ओढली आणि "झोपा आता दादा" म्हणून निघून गेल्या.

ऑर्गनवर चादर घातली आहे. उद्या साडेपाचचा प्रयोग. तीन वाजता पिटात जाऊन एकदा प्रत्येक पट्टी दाबून बघायची, पांढरी सहा दोनदा. मग नांदीचा सूर.