पोकळीत टॉर्च मारून बघा

"मॅडम, राजकोट-कोइम्बतूरची कामं तुमच्यापर्यंत पोचतात कशी? ओळख कुणी करून दिली?" कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत महिन्यातून एकदा तरी हे कुणीतरी विचारतंच. 'लिंक्डइन' म्हटलं की समोरचा हसतो. त्याच्याही फोनमध्ये ते असतं, मागची नोकरी बदलताना उघडलेलं. तुम्ही विचारलंत म्हणून जरा नीट सांगते.

मी फाउंड्रीसाठी (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांसाठी) मेथडिंग करते. म्हणजे साच्यात रस कुठून शिरायचा, रायझर (गोठताना आकसणाऱ्या धातूला वरून रस पुरवणारा साठा) कुठे बसवायचा, हे ठरवायचं. आमच्याकडे कामं ठरतात ती संध्याकाळी, तांबड्या-पांढऱ्याच्या ताटावर. बाईमाणसाला त्या ताटाचं आवतण नसतं. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केल्यावर हे फार जाणवलं, म्हणून लिंक्डइनकडे वळले.

सुरुवातीचं वर्ष वायाच गेलं. दिसेल त्याला रिक्वेस्ट, दिसेल त्या पोस्टखाली 'अभिनंदन'. अकराशे जण जोडले गेले, पण अडीअडचणीला फोन करावा असा त्यात एकही नव्हता.

मग 2021 च्या जुलैत एक पंपाचं हाउसिंग रिजेक्ट झालं. कापून बघितलं तर आत पोकळी. मालकांना विचारून फोटो टाकला आणि ठासून लिहिलं: श्रिंकेज आहे (धातू आकसून पडलेली पोकळी), रायझरची नेक, म्हणजे त्याची मान, आधी गोठली, आतपर्यंत रस पोचलाच नाही. लाइक बरे आले. रात्री कोइम्बतूरच्या एका अनोळखी, वयस्कर फाउंड्रीवाल्यांचा मेसेज आला. सगळ्यांसमोर कमेंटमध्ये नव्हे, इनबॉक्समध्ये. एवढंच: 'पोकळीत टॉर्च मारून बघा. भिंत खरबरीत आहे की गुळगुळीत?'

राग आला, खोटं कशाला बोलू. सकाळी टॉर्च मारला. भिंत गुळगुळीत, चकाकणारी. श्रिंकेज असतं तर आत खडीसाखरेसारखे दाणे दिसले असते. हा गॅस होता. आठवडाभर पाऊस लागून राहिलेला, कोअर (भागातली पोकळ जागा घडवणारे वाळूचे ठोकळे) उघड्यावर ठेवलेले, त्यांनी ओल धरली होती. मी रायझर मोठा करत बसले असते आणि पुढची हीटही (भट्टीची पुढची खेपही) भंगारात गेली असती.

त्याच पोस्टमध्ये 'माझं चुकलं' लिहून खरं कारण टाकलं. कामाचे, खरे प्रश्न विचारणारे मेसेज त्यानंतर यायला लागले. (ठासून लिहिलेल्यावर त्या एका मेसेजखेरीज एकही आला नव्हता.)

त्या काकांशी पुढे दीड वर्ष बोलणं चाललं. त्यांनी एखाद्या बिघडलेल्या कास्टिंगचा (ओतीव भागाचा) फोटो पाठवायचा, मी संगणकावर सिम्युलेशन चालवून चित्र पाठवायचं. कामाचा विषय दोघांनीही काढला नाही. मग एक दिवस राजकोटहून फोन आला. काकांनी तिथल्या कुणाला तरी माझं नाव सांगितलं होतं.

याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्येच दूरच्या ओळखींचं बळ मांडलं होतं. 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या 2 कोटी लोकांचा, पाच वर्षांचा अभ्यास आला. नोकरी बदलायला अगदी जवळच्यांपेक्षा जेमतेम ओळखीचे जास्त उपयोगी पडतात, असं त्यात दिसलं; अगदीच तुटक ओळखीचाही तितका उपयोग नाही. तो हिशोब नोकऱ्यांचा, पण आमच्या धंद्यालाही लागू पडावा. शिरोलीतल्या माणसाला जे माहीत असतं ते मला आधीच कळलेलं असतं. राजकोटात कुणाचं काय अडलंय, ते कोइम्बतूरचे काका सांगणार.

एक मात्र सांभाळा. एकदा फोटोत कास्टिंगवरचा उठावाचा पार्ट नंबर तसाच राहिला, म्हणजे भाग कुणाचा ते उघड झालं. तासाभरात ग्राहकाच्या परचेसवाल्याचा फोन. पोस्ट काढली, माफी मागितली, तरी त्या फाउंड्रीच्या मालकांनी सहा महिने चहा विचारला नाही. आता नंबरावर खडू फासल्याशिवाय मी कॅमेरा उघडत नाही.

आणि रिक्वेस्टसोबत दोन ओळी लिहा: त्या माणसाचं काय वाचलंत, त्यातलं काय अडलं. मला तरी तेवढ्यावर उत्तरं आली आहेत.

काकांची प्रत्यक्ष गाठ पडली ती फाउंड्री काँग्रेसच्या, म्हणजे फाउंड्रीवाल्यांच्या परिषदेच्या, प्रदर्शनात. फोटोतल्यापेक्षा बुटके, शर्टाच्या खिशात पेनाएवढा टॉर्च. मी वाकून नमस्कार करायच्या आत त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं, "कोअर अब सुखाते हैं ना, मॅडम?"