जयपूर लिटफेस्टला जाताय? मग पुस्तक वाचून जा

२०२५ चा जयपूर लिटरेचर फेस्टिवल ३० जानेवारी ते ३ फेब्रुवारी होता, आम्ही दोघं डोंबिवलीहून गेलो होतो आणि खरी ओढ होती इतिहासकार विल्यम डॅलरिंपल यांच्या ‘द गोल्डन रोड’ या पुस्तकावरच्या सेशनची. पुस्तक २०२४ मध्ये आलं, निघायच्या आधी दोघांनीही वाचून काढलं होतं आणि त्याने प्रचंड फरक पडतो हो.

म्हणजे बघा, रोमशी चालणारा आपला समुद्री व्यापार, तांबड्या समुद्रावरचं इजिप्तमधलं बेरेनिके बंदर, तिथं सापडलेली बुद्धमूर्ती, हे सगळं पुस्तकात आहेच, त्यामुळे ऐकताना माहिती गोळा करायची धडपड नसते, लेखक कुठे रेंगाळतो, कुठे आवाज चढतो तिकडे लक्ष जातं. माझ्या डोक्यात तर थेट कार्ल्याची लेणी सुरू झाली! तिथल्या चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावातल्या यवनांनी, म्हणजे ग्रीक लोकांनी दान दिल्याचे ब्राह्मी लेख आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीचे, आणि आपण एकवीरेचं दर्शन घेऊन, लोणावळ्याची चिक्की घेऊन घरी येतो. एकदा तरी ते खांब नीट बघा.

आता जाणाऱ्यांसाठी. २०२२ पासून फेस्टिवल डिग्गी पॅलेसऐवजी क्लार्क्स आमेर हॉटेलात होतो, जवाहरलाल नेहरू मार्गावर, एअरपोर्टपासून जवळ. मुंबई सेंट्रल-जयपूर सुपरफास्टने जात असाल तर जयपूर जंक्शनपर्यंत न जाता दुर्गापुराला उतरा, तिथून रिक्षाने पटकन पोचता. रजिस्ट्रेशन आधीच ऑनलाइन करून ठेवा. गुरुवार-शुक्रवार निवांत असतात, शनिवार-रविवारी मात्र मुंगी शिरायला जागा नसते, म्हणून नावाजलेल्या लेखकाचं सेशन असेल तर त्याच्या आधीच्या सेशनलाच जाऊन बसा, त्यात कधीकधी नाव न ऐकलेला लेखकच जास्त आवडून जातो. एकाच वेळी अनेक मंचांवर कार्यक्रम चालू असतात, सगळं ऐकायचा हट्ट सोडा, दिवसाला तीन-चार सेशन्स मनापासून ऐका, बाकीची बरीचशी नंतर यूट्यूबवर येतात.

प्रश्न विचारायचा असेल तर एका वाक्यात लिहूनच न्या. शेवटी जेमतेम दहा मिनिटं मिळतात आणि लोक माइक हातात आला की स्वतःचंच भाषण सुरू करतात, फार चीड येते, लेखक समोर बसलाय त्याला बोलू द्या ना.

सकाळी स्वेटर लागतोच, दुपारी ऊन चांगलंच लागतं, टोपी न्या. आतलं खाणं महाग आहे, सकाळी सिंधी कॅम्प बसस्टँडजवळ रावत मिठाईवाल्याची प्याज कचोरी खाऊन निघालात तर दुपारपर्यंत चिंता नाही. सही हवी असेल तर घरची प्रत घेऊन जा आणि सेशन संपता संपता उठून लायनीत लागा, टाळ्या थांबेपर्यंत बसलात तर लाइन मांडवाबाहेर गेलेली असते.