कमी प्राधान्याचे रीळ

अमेरिकेतील ज्या चित्रपट-संग्रहात मी जुन्या प्रिंट तपासते, तेथे नुकत्याच आलेल्या १६ मिलिमीटरच्या डब्यांपैकी एकावर ‘वेस्टर्न (म्हणजे घोडेस्वार काउबॉयचा चित्रपट), नाव नाही, कमी प्राधान्य’ अशी चिठ्ठी होती. झाकण काढताच आंबट वास आला. ॲसिटेटची फिल्म कुजू लागली की तिच्यातून ॲसिटिक आम्ल सुटते. हे आम्ल ओळखण्यासाठी आत ठेवलेली निळी चाचणीपट्टीही दुसऱ्या दिवशी हिरवी झाली होती.

श्रेयनामावलीचा भाग कोणीतरी कापून टाकलेला होता आणि मध्येमध्ये जोड होते. दूरचित्रवाणी केंद्रांवर जाहिरातींसाठी अशा प्रिंट सर्रास कापल्या जात, आणि त्या कात्रीचा मला आजही राग येतो. कडेवरच्या खुणांवरून कच्च्या फिल्मचे साल शोधावे, तर त्याच खुणा वीस वर्षांनी पुन्हा वापरल्या जात. शेवटी चेहऱ्यांनीच उलगडा केला: नायक जॉनी मॅक ब्राऊन आणि सोबतीला म्हातारा रेमंड हॅटन, म्हणजे १९४०च्या दशकातला मोनोग्राम कंपनीचा तासाभराचा स्वस्त चित्रपट.

मी ते रीळ हाताने पुढेमागे फिरवत असताना एका दृश्यापाशी थांबले. ब्राऊन फळ्यांच्या ओट्यावरून उतरून पळणाऱ्या माणसामागे धावतो. कॅमेरा दूर आहे, मध्ये कट नाही आणि चेहरा स्पष्ट दिसतो, त्यामुळे हा बदली कलाकार नाही हे निश्चित. समोर घोडा आडवा येताच तो बाहेरच्या पायावर सगळा भार टाकून, खांदा खाली घेऊन, वेग जराही न मोडता वळतो. नजर जमिनीकडे नाही, पुढच्या माणसाच्या कमरेवर आहे. चाळिशीच्या आसपासचा, अंगाने भरलेला माणूस असा वळतो, ते अंगात मुरलेले असल्याशिवाय शक्य नाही.

ब्राऊन आधी अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू होता. १ जानेवारी १९२६ रोजी पासाडेनाच्या रोझ बोल या महाविद्यालयीन सामन्यात त्याचा अलाबामा विद्यापीठाचा संघ मध्यंतराला वॉशिंग्टनविरुद्ध ०-१२ असा मागे होता. तिसऱ्या सत्रात संघाने वीस गुण मिळवले, त्यात दोन टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेणे) पास झेलून ब्राऊनने केले, आणि संघाने सामना २०-१९ असा जिंकला. त्या नावावर एमजीएम या बड्या चित्रपट कंपनीने त्याला घेतले, ग्रेटा गार्बो आणि जोन क्रॉफर्ड या तारकांसमोर उभे केले. १९३१ साली मात्र एका चित्रपटातील त्याची दृश्ये बाद करून ती क्लार्क गेबल या नटाला घेऊन पुन्हा चित्रित केली गेली. पुढची वीसेक वर्षे त्याने बहुतांशी स्वस्त वेस्टर्न चित्रपटांत घोड्यावर काढली.

आमच्याकडे याला घसरण म्हणण्याची पद्धत आहे, आणि प्राधान्याचे शेरेही त्याच नजरेने लिहिले जातात. मला ते पटत नाही. बैठकखान्यात उभे राहून संवाद म्हणण्याच्या भूमिकांत त्याच्या शरीराला वावच नव्हता. तो या घाईघाईने उरकलेल्या चित्रपटांनी दिला. १९५७ साली महाविद्यालयीन फुटबॉलच्या मानकऱ्यांत त्याची नोंद झाली, पण त्याच्या धावण्याचा असा पुरावा आम्हीच शेवटच्या फळीवर ठेवतो.

वरिष्ठांचे म्हणणे, दुसरीकडे याहून चांगली प्रिंट असेल. असेलही, पण नावच ठाऊक नसलेल्या चित्रपटाची दुसरी प्रिंट शोधणार कशी? फिल्म अजून फारशी आकसलेली नाही. स्कॅनरचे दाते छिद्रांत नीट बसतात. ते दृश्य कोणत्या फुटावर सुरू होते, हे लिहून मी स्कॅनिंगचा अर्ज दिला आहे आणि उत्तर येईपर्यंत डबा शीतगृहात ठेवला आहे.