तुम्ही विचारलंत म्हणून: ही पोरं फुकट मार का खातात?

मंडळाच्या गणपतीत असो, सुट्टीला पुण्याला गेल्यावर असो, मला हमखास विचारलं जातं की अरे इंग्लंडात राहतोस, प्रीमियर लीग सोडून शनिवारी पावसात उभा राहून ती कसली रग्बी बघतोस, आणि त्या पोरांना एक पैसा मिळत नाही म्हणतोस तर ती मार खायला येतात कशाला? दर वेळी अर्धवट उत्तर देतो, आज बसून लिहितो.

मी उत्तर इंग्लंडात हॅलिफॅक्सला राहतो. टेकडी चढून गेलं की सिडल क्लबचं मैदान. सिडल खेळतो नॅशनल कॉन्फरन्स लीगमध्ये, म्हणजे बिनपगारी क्लबांची सगळ्यात वरची लीग. नाव नॅशनल, पण क्लब बघा: सिडल, वेस्ट हल, ब्रॅडफर्डचा वेस्ट बोलिंग, कॅसलफर्डचा लॉक लेन, सेंट हेलेन्सचा थॅटो हीथ. बहुतेक सगळे उत्तर इंग्लंड आडवा कापणाऱ्या एम ६२ हायवेच्या आसपासचे, वाथ ब्रोसारखे कंब्रियावाले तेवढे लांब.

आणि हो, बॉम्बे जिमखान्यावर खेळतात ती रग्बी युनियन, १५ जणांची. ही रग्बी लीग, म्हणजे वेगळाच खेळ, १३ जणांची. इथे बॉल घेऊन एकटा घुसतो, समोरचे तिघं-चौघं मिळून त्याला लोळवतात, तो उठून बॉल पायाने मागे सरकवतो, असं सहा वेळा झालं की बॉल समोरच्यांकडे. कबड्डी खेळलेल्या माणसाला दोन मिनिटांत कळतं, युनियनवाल्याला वेळ लागतो 😄

आता गंमत अशी की हा खेळ युनियनपासून वेगळा झाला तोच पैशावरून. इथल्या टीममध्ये लोकरीच्या गिरण्यांतले आणि कोळशाच्या खाणीतले कामगार होते, शनिवारीही कामाचा दिवस, मॅचला गेलं की मजुरी बुडणार. बुडालेली मजुरी तरी भरून द्या एवढंच त्यांचं म्हणणं. १८९३ मध्ये रग्बी युनियनच्या लंडनच्या मीटिंगमध्ये ते २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळलं गेलं, आणि २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी बसून वेगळी चूल मांडली. सुरुवातीला दिवसाला ६ शिलिंग, तेही मजुरी बुडाली असेल तरच. १८९८ मध्ये उघड पैसे द्यायला परवानगी, १९०६ मध्ये १५ चे १३ झाले.

पण पैसे मिळायचे ते मोठ्या क्लबांत. गल्लीतल्या, पबच्या, चर्चच्या टीम्स तशाच फुकट खेळत राहिल्या, आणि त्यांची अवस्था सावत्र पोरासारखी. कारण युनियनवाल्यांचा नियम असा की लीगची एक मॅच जरी खेळलात, एक पेनीही न घेता, तरी आमच्याकडे कायमची बंदी. पैसे घेतले म्हणून नाही हं, त्या लोकांत खेळलात म्हणून! मला तर यात खेळापेक्षा जातपातच जास्त दिसते. आणि स्वतःच्या घरचे, म्हणजे लीगचे मुख्य कारभारी, त्यांचं सगळं लक्ष प्रोफेशनल क्लबांवर, त्यामुळे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हौशी खेळ आटत चालला होता.

मग १९७३ मध्ये, पुन्हा हडर्सफील्डलाच, मॉरिस ओल्ड्रॉइड वगैरे मंडळींनी बार्ला नावाची हौशी क्लबांची स्वतःची संघटना काढली. वरच्यांनी आधी नाक मुरडलं, पण १९७४ मध्ये मान्यता द्यावी लागली. मला विचाराल तर हा खेळ आज गल्लीत जिवंत आहे तो या भांडणामुळे. १९७७ मध्ये हलच्या कावूड्स नावाच्या हौशी टीमने आमच्या हॅलिफॅक्सच्या प्रोफेशनल टीमला कपच्या मॅचमध्ये हरवलं (इथे अजून कुणाला आवडत नाही हा विषय). १९८६ मध्ये जिल्ह्यांच्या लीग्जच्या वर एक नॅशनल लीग झाली, १९९३ मध्ये तिचीच कॉन्फरन्स लीग झाली, आणि १९९६ च्या चॅलेंज कपमध्ये (हौशी-प्रोफेशनल सगळ्यांची बाद पद्धतीची स्पर्धा) वेस्ट हलने एक नाही दोन प्रोफेशनल क्लब घरी पाठवले.

२०१२ पासून ही लीग उन्हाळ्यात खेळतात. मैदानं बरी असतात हे मान्य, पण मला नाही पटलेलं, कारण तीच पोरं क्रिकेटलाही हवी असतात आणि चिखलाशिवाय मजा येत नाही.

तर फुकट का? लालबाग-परळच्या कबड्डी मंडळातल्या पोरांना कधी विचारलं का आपण? शर्टावर गल्लीचं नाव असतं, झालं.

माझ्या शेजारी एक आजोबा उभे असतात, पाई (मांस भरलेली पेस्ट्री) आणि वाटाणे खात. त्यांना मी हाच प्रश्न विचारला होता. म्हणाले, तरुणपणी मी लीग खेळायचो, दमडी मिळाली नाही, तरी युनियनच्या क्लबने मला टीममध्ये घेतलं नसतं. आता बंदी उठलीये, नातू दोन्ही खेळतो. युनियनच्या मॅचलाही जाता का म्हटलं, तर म्हणाले, छे, त्या दिवशी बायकोला बाजारात नेतो.