फोटो कुणाच्या मोबाईलवर जातो?

थीम पार्कच्या गेटवर माझी सहा वर्षं गेली. सकाळी पाहुण्यांच्या पाठीमागून ऊन येतं, चेहरे काळवंडतात आणि पासधारकाचा चेहरा ओळखून आत सोडणारा कॅमेरा ‘जुळत नाही’ म्हणत बसतो. व्हेंडरचे इंजिनियर तीनदा येऊन सॉफ्टवेअर बदलून गेले. शेवटी मीच समोरच्या खांबाला थर्माकोलची पांढरी शीट बांधली, उजेड चेहऱ्यावर परतला, रांग हलली. ती शीट अजून तिथंच आहे.

लोकांना वाटतं, यंत्र फोटोशी फोटो ताडून बघतं. तसं नसतं. चेहऱ्याची आकड्यांची माळ होते, आमच्याकडे ५१२ आकड्यांची, आणि दोन माळांमध्ये किती फरक चालवून घ्यायचा ते माणूस ठरवतो. गर्दीच्या दिवशी वरून फोन जातो, मर्यादा सैल होते, मॅनेजर खूश. त्याला रांगेच्या लांबीपलीकडे काही दिसत नाही. अशाच एका दिवशी मावशीच्या पासवर भाची आत गेली होती. जुळ्यांचं तर विचारूच नका.

त्या दिवशी सात-आठ वर्षांची एक मुलगी आईचा हात सोडून पुढं पळाली, टाचा उंचावून कॅमेऱ्यात बघितलं, हिरवा दिवा लागला. आई मागून आली आणि बोर्ड वाचत थांबली. (‘पुढे आलात म्हणजे संमती दिलीत’ असं सांगणारा हा बोर्ड रांगेत अशा जागी लावलाय की वाचेपर्यंत मागं फिरायला वाट उरत नाही.)

“दादा, हा फोटो कुणाच्या मोबाईलवर जातो?”

मी पाठ केलेलं उत्तर सुरू केलं, डेटा सुरक्षित आहे, एन्क्रिप्टेड आहे वगैरे.

“ते नाही हो. पास तिच्या बाबांनी काढलेला. आम्ही आत आलो की त्यांना कळतं का?”

कळतं. खातेदाराला लगेच मेसेज जातो. पुढं प्रत्येक राईडवरचा कॅमेरा तोच चेहरा ओळखून फोटो त्याच खात्यात टाकतो. मार्केटिंगवाले या सोयीची फार फुशारकी मारतात. मेसेज जाऊन दोन मिनिटं झाली होती.

“आम्ही या शहरात आहोत हे त्यांना माहीत नव्हतं,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. नुसता पर्सचा पट्टा मुठीत गोळा केला.

खात्यातून मुलीला वेगळं करायचं बटण फक्त खातेदाराकडे. माझ्या टॅबवर ‘नोंदणी पुसा’ एवढंच आहे, ते दाबलं. फोटो पुसला गेला. पण राईडच्या फोटोंचं काम दुसऱ्या कंपनीकडे, त्यांच्या सर्व्हरवर आकड्यांची वेगळी प्रत. फोन केला तर म्हणाले, तक्रारीचं तिकीट टाका, 72 तास लागतील. त्या दोघींना मी स्टाफच्या मागच्या दारानं बाहेर काढलं. मुलगी विचारत होती, “आई, एक तरी राईड?”

रात्री बसून वाचलं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 2008 पासून बायोमेट्रिक माहितीचा कायदा आहे. तिथं सिक्स फ्लॅग्जच्या पार्कनं सीझन पाससाठी 14 वर्षांच्या मुलाचा अंगठा घेतला, आई कोर्टात गेली. 2019 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कायदा मोडला एवढं पुरे, वेगळं नुकसान दाखवायची गरज नाही. चीनमध्ये हांगझौच्या सफारी पार्कवर एका प्राध्यापकानं खटला भरला, 2020 मध्ये कोर्टानं त्याच्या चेहऱ्याची माहिती पुसायला लावली. दोन्हीकडे भांडण पार्कनं काय घेतलं याचं. आमच्याकडे घेण्यात खोट काढायला जागाच नाही. मुलांची संमती पालकाची, आणि फॉर्मवर वडिलांची सही आहे, नीट, तारखेसकट.

पाचव्या दिवशी खातेदाराची तक्रार आली: मुलीचा फोटो आणि नोंदणी खात्यातून गायब आहे, परत आणा, आणि त्या दिवशी ती कोणत्या गेटनं किती वाजता बाहेर पडली तेही कळवा. नियमानं उत्तर द्यायला सात दिवस. नोंदणी मी पुसलेली म्हणून तक्रारही माझ्याच नावावर टाकलीय. आज सहावा दिवस. ‘उत्तर’च्या चौकटीत दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. मॅनेजरनं सकाळी विचारलं, अजून उघडी का आहे? म्हटलं, व्हेंडरकडून माहिती यायचीय.